वेड्याचा पार्ट

डोक्यावर उलटं घातलेलं पातेलं.

शर्टाच्या घडीत लपवलेला, दहा बाजूंचा फासा.

राज्याच्या नव्या राजधानीकडे निघालेली ऑफिसची बस. सगळ्या सीटा भरलेल्या, फक्त एकट्यानंच हसणाऱ्या माणसाशेजारची रिकामी.

कादंबरीत पेन्सिलीनं खूण केलेलं वाक्य: वेडा खरं बोलतो.

हा सगळा शेखर हरदासचा गृहपाठ होता.

शारदोत्सवात इथल्या, हिंदी मुलखातल्या, मराठी मंडळाचं नाटक असतं. शेखरनं आजवर त्यात पडदा ओढला होता, विंगेतून शंख वाजवला होता आणि एकदा प्रेत झाला होता. यंदा त्याला बोलता पार्ट मिळाला: इस्पितळातला वेडा. समोर डॉक्टर म्हणून चारुदत्तकाका. काका रेल्वेतून रिटायर झाले होते, पण मंडळाच्या नायकपदावरून नव्हते. हा एक पार्ट गाजला की पडद्याची दोरी जन्मात हाती घ्यायची नाही, असं शेखरनं पक्कं केलं होतं. दिग्दर्शिका विनोदिनीबाईंनी बजावलं, "सोंग नको, शेखर. लोकांना पटलं पाहिजे. नाही तर पुढच्या वर्षी तू आणि तुझा पडदा."

सुरुवात सिनेमांपासून झाली. सिनेमातले वेडे हसतात आणि डोक्यावर भांडी घालतात.

"अहो, काहून हसून राहिले एकटेच?" बायकोनं, कुमुदनं, विचारलं.

"सराव करून राहिलो."

"करा. पण ते पातेलं उतरवा. मले दूध तापवाचं हाये."

बसमध्ये हसून एवढंच झालं की ऐसपैस बसायला मिळालं. ऑफिसात तो भिंतीकडे टक लावून पुटपुटू लागला, तर साहेब खूश. "हरदासजी, आजकल बड़े ध्यान से काम कर रहे हैं."

मग त्यानं कादंबऱ्या काढल्या. कादंबरीतला वेडा तोंडावर खरं सांगतो. शेखरनं चारुदत्तकाकांच्या घरी जाऊन सरलाकाकूंना सांगितलं, "काकू, तुमच्या सांबारवड्या आम्ही इतकी वर्षं औषधासारख्या गिळून राहिलो." काकूंनी कोथिंबिरीच्या त्या वड्यांची बशी शांतपणे उचलली. तो गेल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "पोट्टा कामातून गेला हो. शुद्धीतला माणूस असा बोलते का?" काकांना ते पटलं. सांबारवडीबद्दल खरं बोलण्याची हिंमत त्यांना स्वतःला कधी झाली नव्हती. हे बोलणं शेखरच्या कानावर आलं ते मात्र नाटक होऊन गेल्यावर.

शेवटी उपयोगी पडली ती राधिका. ही कुमुदची भाची, शिकायला त्यांच्याकडे राहायची आणि रविवारी मैत्रिणींबरोबर टेबलावर पट मांडून एक खेळ खेळायची. भुताटकीच्या हवेलीत शिरायचं. भयंकर काही दिसलं की फासा टाकायचा. दान उलटं पडलं की अकलेची एक सोंगटी जायची. शेखर खेळायला बसला आणि त्याच्या सगळ्या सोंगट्या गेल्या. तो लगेच खदाखदा हसू लागला.

"मौसाजी, ये क्या कर रहे हो?"

"वेडा झालो न मी."

"अरे, पागल को थोड़ी पता होता है! उसको लगता है बाकी सब बीमार हैं, और इन बेचारों का ध्यान मुझे ही रखना है."

शेखर हसायचा थांबला. वेडा सापडला होता. शकुनाचा म्हणून त्यानं फासाही ढापला.

पुढच्या तालमीला तो शांत, प्रेमळ, सगळ्यांची काळजी वाहणारा वेडा झाला. "बाप्पा!" विनोदिनीबाई म्हणाल्या. "आता मले भीती वाटून राहिली." काकांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

प्रयोगाला हॉल भरला. बक्षीस प्रमुख पाहुण्यांनी ठरवायचं, ही मंडळाची प्रथा. पाहुण्यांना मराठी येत नसेल तर उत्तमच, म्हणजे वशिला लागत नाही. यंदाचे पाहुणे विषयाला धरून बोलावलेले, खरेखुरे मनोविकारतज्ज्ञ होते आणि त्यांना मराठीचा गंध नव्हता.

पांढरा कोट घालून काका आले. "झोप येते का रात्री?" त्यांनी विचारलं.

"मला येते," शेखर हळुवारपणे म्हणाला. "तुम्हाला?"

वाक्य संहितेतलंच होतं, पण शेखरच्या डोळ्यांत अशी काही माया होती की काकांची पाठ केलेली सगळी वाक्यं उडाली. विंगेतून प्रॉम्प्टरनं वाक्य पुरवलं. काका दचकले. "कोण बोललं?" ते अंधाराला म्हणाले. प्रेक्षकांत खसखस पिकली. काकांना घाम फुटला. त्यांनी कोट काढून खुर्चीवर फेकला, तो घसरून जमिनीवर पडला. आता सगळ्या जगाची काळजी शेखरवर होती आणि कोट तर भाड्याचा होता. त्यानं तो उचलला, झटकला आणि टांगायला खुंटी नव्हती म्हणून अंगात घातला.

"कोट दे!" काका ओरडले.

"देतो. आधी बसा. पाणी घ्या."

"अरे, डॉक्टर मी आहे!"

"हो हो. तुम्हीच डॉक्टर," शेखरनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"अहो, सांगा न कोणी तरी याले! मी खरंच डॉक्टर आहो!" काकांचा आवाज चिरकला. टाळ्यांच्या कडकडाटात पडदा पडला.

शेजारच्याला शेखरचं नाव विचारून पाहुणे माईकपाशी गेले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "पहला पुरस्कार, डॉक्टर की भूमिका के लिए, सफ़ेद कोटवाले हरदासजी! मरीज़ कोट पहनकर ख़ुद को डॉक्टर समझ बैठे, तब उससे ऐसे बात करना मैं आज तक नहीं सीख पाया. और दूसरा, मरीज़ बने बुज़ुर्ग को." काका हरकत घ्यायला पुढे झाले, तर पाहुण्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि माईक टाळून म्हणाले, "कल क्लिनिक आ जाइए. घबराना नहीं."

शेखर ढाल घेऊन विंगेत धावला. "बाई, सांगा न त्यांना! वेडा मी होतो!"

"गप बस," विनोदिनीबाई म्हणाल्या. "हे आता ज्याला सांगशील, तो तुले वेडाच म्हणेल."

"पण मले तेच तर पाहिजे होतं!"

"पुढच्या वर्षी नायक तू. पडदा काका ओढतील. आता कोट काढ, भाड्याचा आहे."

जुलैत पार्ट वाटले तेव्हा शेखरनं डॉक्टरचाच पार्ट मागितला होता, आणि चेहरा डॉक्टरचा वाटत नाही म्हणून विनोदिनीबाईंनी तो दिला नव्हता.