चाखायचा मान

लग्न फाल्गुनातलं होतं की वैशाखातलं, हे शिवराज सरांना आता खात्रीनं सांगता येत नाही. रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेल्या माणसाचं हे असं! (मूलद्रव्यं सगळी पाठ, भाचीचं लग्न कधी झालं, ते बायकोला विचारायचं.) एवढं मात्र पक्कं, की करोनातून उठून त्यांना महिना होऊन गेला होता. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना दोघं नाकातला वास अन् जिभेची चव घेऊन गेले. चिकलठाण्यातल्या घरामागं नाला आहे. त्याच्या काठानं सर गुलाबाच्या बागेत फिरावं तसे फिरत होते.

हे सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण सिल्लोडला, सासुरवाडीत, लग्नाच्या येसर आमटीची पहिली वाटी चाखायचा मान सरांचा. थोरले जावई ना! त्यांनी मान हलवल्याशिवाय पंगत बसत नसे. धाकटे साडू रावसाहेब त्या वाटीवर कधीचे टपले होते. जीभ गेली म्हटलं की मान गेलाच. सरांनी ठरवलं, बोलायचंच नाही.

लिंबाजी आचाऱ्यानं वाटी आणली. सरांनी घोट घेतला, डोळे मिटले. कोमट पाणी!

"काय सर, जमली का?"

लगेच 'जमली' म्हटलं तर अभ्यास काय दिसणार?

"मीठ कमी."

दुसरी वाटी आली. पुन्हा कोमट पाणी.

"अजून टाक."

"अजून? लई व्हईल, सर."

"लिंबाजी, क्षारांवर प्रबंध आहे माझा!" (होता, पण मोरचुदावर. तो कुणी आमटीत घालत नाही.)

"साडूभाऊ, दमानं," रावसाहेब म्हणाले, "नाय तर वऱ्हाडासाठी टँकर मागवावा लागंल."

"गुटखा खाणाऱ्यानं चवीबद्दल बोलू नये."

तिसऱ्या वाटीला सरांनी मान हलवली.

पंगत बसली आणि नवलच झालं. माणसं आमटी भुरकत होती, वाढप्यांना हाका मारत होती. जीभ नसताना निव्वळ बुद्धीच्या जोरावर साधलं होतं हे! रावसाहेबांकडे बघत सरांनी वाटी रिकामी केली आणि आणखी मागितली.

आमटी घेऊन आलेल्या सरूबाई, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, ती रिकामी वाटी बघून जागीच थबकल्या.

"अहो, कशी लागली?"

"अमृत!"

त्यांनी सरांच्या रिकाम्या वाटीत बोट फिरवून जिभेला लावलं. मिठानं तोंड कडूजहर झालं.

"चव गेलीय ना तुमची?"

"हळू बोल!"

"उठा. आधी बीपीची गोळी घ्या!"

हे मांडवाबाहेरच्या बँडवाल्यांनीही ऐकलं. पुढच्या लग्नापासून वाटी रावसाहेबांकडे गेली. सर मात्र ज्याला त्याला सांगत राहिले, की जिभेविना जमवलेली ती आमटी अख्ख्या वऱ्हाडानं मिटक्या मारत खाल्ली.

तीन-चार वर्षांनी एका बारशात लिंबाजी भेटला. सरांनी त्यालाही तेच ऐकवलं.

"पंगतीच्या कढईत तुमचं मीठ कुठं पडलं, सर? तुमचं पातेलं येगळंच असायचं. चाखायला त्यातलीच, ताटात त्यातलीच. तुम्ही चाखलेल्या पहिल्या लग्नापासून सरूकाकूंनी तसं सांगूनच ठेवलेलं."

सरांचा विश्वास बसेना. घरी येऊन त्यांनी सरूबाईंना विचारलं.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"मग रावसाहेबांचंही पातेलं वेगळं असतं?"

"नाय. त्यांना चव कळते."