घोडदळातला पाहुणा

प्रमुख पाहुण्यांशिवाय कोणताही समाज प्रगती करू शकत नाही. शाल, नारळ आणि सतरंजी मंडळाच्या कपाटात कायमच्या असतात. पाहुणा मात्र दरवर्षी नवा शोधावा लागतो.

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या आमच्या मराठी मंडळाने यासाठी एक लोकशाहीवादी परंपरा घालून दिली आहे. शिवजयंतीला जो पाहुणा आणेल त्यानेच पाहुण्याची ओळख करून द्यायची, आणि त्या ओळखीला पडलेल्या टाळ्या ऐकून त्याच दुपारी पुढचा अध्यक्ष निवडायचा. (पाहुण्याच्या भाषणाला पडलेल्या टाळ्या धरत नाहीत. त्या भाषण संपल्याच्या आनंदाच्या असतात.) गेल्या साली मंजिरीने गुलाबांच्या स्पर्धेचे परीक्षक आणले आणि अध्यक्षपद पटकावलं.

हॉस्पिटलात एक्स-रे काढणारा शैलेंद्र या पदासाठी झुरत होता. मागे एकदा त्याने दंतवैद्य आणला होता, पण दंतवैद्य मंडळातच चार आहेत. यंदा मात्र दैव उघडलं. लेकीकडे राहायला आलेले एक वृद्ध इंग्रज गृहस्थ दुखरा गुडघा घेऊन त्याच्या टेबलावर आडवे झाले आणि बोलता बोलता कळलं की हे ब्रिटिश घोडदळात मेजर होते, पुढे पार्लमेंटात खासदार झाले. शैलेंद्रने आधी आमंत्रण दिलं, मग एक्स-रे काढला.

"अरे, शिवजयंतीला इंग्रज?" रविंद्रने शंका काढली.

"घोडदळातला आहे," शैलेंद्र म्हणाला.

तेवढ्यावर विषय मिटला. इतिहासाच्या बाबतीत आम्ही फार हळवे आहोत, पण मध्ये घोडा आला की जरा सैल सोडतो.

कार्यक्रमात शैलेंद्रने "ज्यांना ओळखीची गरज नाही असे" एवढं म्हणून अर्धा तास ओळख करून दिली. तीत मेजरसाहेबांनी वाळवंटात घोडा फेकला, शत्रूच्या तोफा एका उडीत ओलांडल्या, आणि तसेच दौडत पार्लमेंटात शिरले. मेजरसाहेबांना मराठी येत नसल्यामुळे ते स्वतःच्या चरित्राला समाधानाने मान डोलावत होते. टाळ्यांनी मांडव दणाणला. शैलेंद्र अध्यक्ष झाल्यातच जमा होता.

तेवढ्यात मंजिरी उठली. शेजारच्या शेतकऱ्याची घोडी तिने ट्रेलरमधून आणून ठेवली होती. "आता मेजरसाहेब घोड्यावरून मैदानाला एक फेरी मारतील," असं तिने दोन्ही भाषांत जाहीर केलं. (विरोधक असावा तर असा विधायक.)

मेजरसाहेब मुळात गोरेच, ते आणखी पांढरे पडले. शैलेंद्रच्या कानाशी लागून इंग्रजीत म्हणाले, "आमच्या घोडदळात रणगाडे होते हो. नाव तेवढं जुनं राहिलंय. घोड्याची मला भीती वाटते."

तो गुडघा आतून पाहिलेला माणूस अख्ख्या मैदानात एकच होता. त्याने खरं सांगितलं असतं तर गुडघा वाचला असता आणि ओळख खोटी पडली असती. शैलेंद्रने दोन्ही बाजूंचा गंभीरपणे विचार केला.

"सर, प्लीज, एकच राउंड," तो म्हणाला. "घोडी गरीब आहे. नो वरीज."

मेजरसाहेबांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. आपल्याच पक्षाचा होतकरू उमेदवार दिसल्यावर बघावं तसं. मग त्यांनी माइक मागून घेतला.

ते म्हणाले की घोड्याचा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे, आपण पहिल्यापासून घोड्याच्या बाजूचे आहोत, आणि म्हणूनच घोड्याला विश्वासात न घेता त्याच्यावर बसणं हा त्याच्यावर अन्याय होईल. तरी या विषयावर एक समिती नेमावी. समितीवर त्यांनी मंडळातल्या तिन्ही गटांची माणसं घेतली. (आमच्यात गट तीन आहेत, हे त्यांनी चहाच्या वेळीच हेरलं होतं.) अध्यक्ष मंजिरी.

"काय बोलला रे?" रविंद्रने विचारलं.

"काहीच नाही," शेजारचा म्हणाला.

"मग आपलाच माणूस आहे!"

मेजरसाहेब एकमताने मंडळाचे अध्यक्ष झाले. घोडी परत पोचवण्याचं काम शैलेंद्रकडे आलं, आणि ती खरोखरच गरीब नव्हती. सध्या त्याच्याच गुडघ्याचा एक्स-रे त्याच्याच खात्यात लावलेला आहे.

तुम्ही आमच्या मंडळाला हसत असाल तर खुशाल हसा. पण मेजरसाहेबांचं नाव काय, ते कोणत्या पक्षाचे खासदार होते, हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही विचारलेलं नाही. पुढच्या शिवजयंतीला अवश्य या. सतरंजीवर तुमची जागा धरून ठेवली आहे.