शतावरीचे वाटाणे

पांढरीशुभ्र, अंगठ्याएवढी जाड शतावरी वाटाण्याएवढी चिरली तर ती वाटाण्यांसारखी दिसत नाही. साबणाच्या चुऱ्यासारखी दिसते. हे सोलांजच्या लक्षात आलं तेव्हा अख्खी टोपली चिरून झाली होती आणि तिकडे चर्च सुटल्याची घंटा वाजत होती.

टोपली साधी नव्हती. तिचे सासरे आन्सेल्म यांनी पहाटे वाळूच्या वरंब्यांतून स्वतःच्या हातानं काढलेले, उन्हाचं तोंडही न पाहिलेले, भाजीच्या शतावरीचे हंगामातले पहिले कोंब होते ते. लुआर नदीकाठच्या त्या गावात पहिल्या शतावरीचं जेवण म्हणजे घराची इभ्रत. कोंब सोलायचे, अख्खे उकडायचे, फडक्यावर निथळायचे आणि हातानं उचलून लोण्यात नाहीतर तेलात बुडवून खायचे. आजवर हा मान सासूबाईंचा, क्लोतिल्दबाईंचा. यंदा त्यांचे गुडघे धरले आणि त्या एवढंच म्हणाल्या, "सोलांज करेल." सोलांज शहरातली. मुलं मोठी होऊन परगावी गेली तरी गावाच्या लेखी ती अजून पाहुणीच होती. आज ती घरची ठरणार होती.

नुसतं उकडायला काय, कोणीही उकडेल. म्हणून तिनं जुन्या पाककृतींच्या पुस्तकातून राजेरजवाड्यांच्या काळचा एक पदार्थ शोधून काढला. शतावरी इतकी बारीक चिरायची की वाटाणेच वाटावेत. मग लोणी, चिमूटभर साखर, साय आणि अंड्याचा बलक. वाटाण्यांचा हंगाम यायच्या आधीच दरबारी मंडळी वाटाणे खाऊन खूश! पुस्तकात लिहिलं होतं, 'शतावरी घ्यावी.' कुठल्या रंगाची ते नव्हतं. त्या काळी सगळीच शतावरी उन्हात वाढून हिरवी व्हायची, म्हणून लिहिणाऱ्याला सांगावंसं वाटलं नाही. आणि या गावात शतावरीचा रंग विचारणं म्हणजे दुधाचा रंग विचारणं.

"जेर्वे!" तिनं नवऱ्याला हाक मारली. "इकडे ये. ओरडू नकोस, नुसता ये."

जेर्वेनं पातेल्यात डोकावलं. "सलगम का?"

"तुझ्या बाबांची शतावरी."

जेर्वे मटकन खुर्चीवर बसला. "सगळी?"

"मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात हिरवी मिळते. पळ."

"हिरवी? अगं, बाबा तिला बकरीचा चारा म्हणतात! बागायतदारांच्या सभेत टेबलावर मूठ आपटून शपथ घेतलीय त्यांनी, मरेन पण तोंडात घालणार नाही म्हणून."

"मला माहितीय. टोपी घालून जा."

तो परतला तो कोटाच्या आत जुड्या दडवून. जांभळे रबर, आणि त्यावर ठसठशीत लेबल: स्पेन.

"निदान आपल्या देशाची तरी आणायचीस!"

"जी होती ती आणली. हे लेबल कुठं टाकू?"

"इथं नको. आई केराचा डबा उघडून बघतात. टाक कुठंतरी!"

त्यानं कुठंतरी टाकलं. सोलांजनं पांढरा चुरा मोरीपाशी फडकं झाकून लपवला आणि हिरवे दाणे लोण्यात परतले. खरोखरच वाटाणे वाटत होते. सगळं सरळ सांगून टाकायचं, थोडी माफी मागायची, असं तिनं ठरवलंही. तेवढ्यात सासू-सासरे आले, आणि बरोबर बागायतदार मंडळाचे चिटणीस ओनोरे. आन्सेल्मनी सवयीनं झाकण उचललं.

"वाटाणे?"

सोलांजनं खरं सांगायला तोंड उघडलं. "हो," तोंड म्हणालं.

"आणि शतावरी?"

"नंतर," तोंड पुढे म्हणालं. नंतर म्हणजे कधी, हे त्या तोंडालाही ठाऊक नव्हतं.

टेबलावर आन्सेल्मनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "आईच्या हातचे वाटाणे आठवले! कोणाकडचे गं?"

"काचघरातले," जेर्वे म्हणाला.

"कोणाच्या?"

"लांबच्या."

"वाढ आणखी. बघ ओनोरे, याला म्हणायचं भाजी. नाहीतर शहरातले लोक! हिरवी शतावरी चघळतात. गवत ते!"

"गवतच," पावानं ताटली पुसत ओनोरे म्हणाले. "मलाही वाढ थोडे."

प्रत्येक कौतुकासरशी सोलांजची मान आणखी खाली जात होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सासूबाई मात्र एकेक दाणा जिभेवर घोळवत गप्प होत्या. तेच जास्त भीतीदायक होतं.

तिसऱ्यांदा वाढून घेतलेलं संपवून आन्सेल्म उठले. "आता येऊ द्या आपली शतावरी! त्याआधी जरा जाऊन येतो."

सोलांजच्या हातातला डाव तसाच राहिला. डोळ्यांना फसवता येतं, जिभेला फसवता येतं. पण शतावरी खाल्ल्यावर लघवीला जो वास सुटतो, त्याला कुठल्या राजाचा आचारी फसवणार? या गावात तर तो शेंबड्या पोरालाही कळतो.

दार लागलं. मग पाणी सोडल्याचा आवाज.

आन्सेल्म येऊन खुर्चीमागे उभे राहिले. "ओनोरे, तू पण जाऊन ये."

"मला नाही लागली."

"जा म्हणतो ना!"

ओनोरे गेले. आले ते खाली बघतच.

सोलांज उठली. एप्रनचं टोक तिनं मुठीत पिळलं. "बाबा, ते वाटाणे नव्हते. मी तुमची शतावरी—"

"थांब." आन्सेल्मचे कान बीटासारखे लाल झाले होते. "ओनोरे, आपण आज काय खाल्लं?"

ओनोरेंनी घसा साफ केला. "वाटाणे."

"किती वेळा?"

"मी दोनदा. तू तीनदा."

"वाटाणे तीनदा खाल्ले तर कोणाची शपथ मोडते का?"

"वाटाण्यांनी कशी मोडेल?"

"ऐकलंस ना सूनबाई? वाटाणे होते." आणि ते मुकाट्यानं खाली बसले. इतका वेळ एकट्या सोलांजच्या पुढ्यात असलेली लाज आता भाजीच्या भांड्यासारखी टेबलभर फिरत होती.

सासूबाई लंगडत उठल्या, नेमक्या मोरीपाशी गेल्या आणि फडकं उचललं. सोलांजला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"याचं सूप होईल," क्लोतिल्दबाई म्हणाल्या. "लसणीची हिरवी पात आण परसातून. आणि साखर जरा जास्त झाली होती हो, वाटाण्यांत. आमच्या माहेरी इतकी नाही घालत."

निघताना आन्सेल्मनी सुनेचा हात हातात घेतला. तिच्या तळव्यात काहीतरी चुरगळलेलं आलं: जांभळं रबर आणि लेबल. जेर्वेनं ते संडासातल्या टोपलीत टाकलं होतं.

"हे आपल्या गावात टाकू नकोस," ते पुटपुटले.

"नाही बाबा."

फाटकापर्यंत जाऊन ते परत आले. ओनोरे पुरेसे पुढे गेलेत ना ते बघून घेतलं, आणि टोपी हातात फिरवत विचारलं, "त्या लांबच्या काचघरातले वाटाणे... पुढच्या रविवारी मिळतील का गं?"