मोहाखालचं बोलणं

माझे सासरे घरात माणसांशी बोलत नाहीत आणि जंगलात वाघाशी बोलायचे थांबत नाहीत. यातलं पहिलं मी लग्नापासून सोसतो आहे. दुसरं यंदाच्या मोहाच्या हंगामात बघितलं. तेव्हापासून माझी घरातली बडबड जरा कमी झाली आहे, असं बायको म्हणते. तिला ते आवडलेलं दिसतं.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. आष्टीकडे, जंगलाला पाठ लावून बसलेल्या एका गावात त्यांचं घर आहे. थोडी शेती, बैलजोडी, आणि बाजेवर बसून समोर बघत राहण्याची अफाट ताकद. माझं वर्धेला सायकलींचं दुकान आहे. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवणं हा माझा धंदाच. पण मामाजींपुढे माझी डाळ कधी शिजली नाही. "यंदा पाऊस कसा वाटतो?" विचारलं की ते आभाळाकडे बोट दाखवत. म्हणजे तुम्हीच बघा.

"बाबा सारं बोलणं जंगलात सांडून येतात," माझी बायको मंदा सांगायची. मला ते कवित्व वाटायचं. ती साधी माहिती होती.

मोह वेचायची त्यांच्याकडे एक रीत आहे. चैत्रात पहाटे फुलं गळतात, ती उजाडल्याबरोबर वेचायची. पण वेचणारा वाकतो, आणि वाकलेला माणूस झुडपाआडून चार पायांचा दिसतो. म्हणून जोडीनं जायचं. एकानं वाकून वेचायचं, दुसऱ्यानं त्याच्याकडे पाठ करून ताठ उभं राहायचं आणि मोठ्यानं बोलत राहायचं. जनावराला माणूस एकदम दिसू नये, आधी ऐकू यावा. या घरात मामीजी वेचत आणि मामाजी बोलत. अख्खा संसार त्यांनी असाच एकमेकांकडे पाठ करून केला.

दिवाळीनंतर मामीजी गेल्या. चैत्र लागला तसे मामाजी टोपली घेऊन एकटेच निघू लागले. त्यातच पिल्लं असलेली एक वाघीण नाल्याच्या अंगाला उतरलेली. वनखात्याची माणसं दारोदार सांगून गेली, एकट्यानं जाऊ नका. मेहुण्यानं टोपली लपवली. मामाजींनी बादली उचलली. शेवटी मंदानं मला पाठवलं.

"तुमाले काही कराचं नाई," ती म्हणाली. "नुसतं संग राहाचं, न् पाळी आली तं बोलाचं. ते तं तुमाले येते."

शेवटचा बांध ओलांडला आणि मामाजींचा आवाज फुटला. मी दचकलोच. केवढा खणखणीत आवाज.

"पाटील, येऊन राह्यलो जी. आज दोघं जन हाय. बाजूले व्हा."

जंगलात ते वाघाचं नाव घेत नाहीत, पाटील म्हणतात. वाघीण असली तरी पाटीलच. मग पाटलांना घरची हकीकत सुरू झाली. काळी गाय लंगडून राह्यली. नळाले पानी नाई. सूनबाईच्या भाजीत मीठ कुठं जाते, देव जाने. पोट्ट्यानं टोपली लपवली, काऊन लपवली विचारा त्याले. मी खाली मान घालून वेचत होतो. उजेड धुरकट होता. फुलं टपटप पडत होती आणि त्या गोड दर्पानं डोकं जड झालं होतं.

पुढच्या झाडाकडे जाताना सहज मागे पाहिलं. बारीक धुळीत आमच्या चपलांच्या ठशांवर पंजे उमटले होते.

"मामाजी, हे..."

"ऐकाले येते," ते म्हणाले. शेजारीण ताक मागायला येते म्हणावं, तसं. "बोलणं सुरू हाय तोवर दूर राह्यते. बंद झालं का पाह्याले येते."

थोड्या वेळानं माझी कंबर धरली. मामाजींनी बादली घेतली आणि ते वाकले. आता बोलायची पाळी माझी. मी दुकानातल्या गप्पा जोरात सुरू केल्या. ट्यूब, टायर, उधारीवाले मास्तर. मग लक्षात आलं, मघापासून ओरडणारा पक्षी गप्प झाला आहे. माझाच आवाज मला जरा पलीकडून आल्यासारखा वाटू लागला, जणू दुसराच कुणी माझी गोष्ट सांगतो आहे. वाक्यं आखूड झाली. मग कुजबुज झाली. मग नुसता श्वास उरला.

वर माकड खोकलं. समोर पळसाखाली ज्याला मी वाळलेलं गवत समजत होतो, त्याला कान होते.

पाठीवर मामाजींचा हात आला. ते सरळ उभे राहिले होते, आणि आवाज अगदी मघाचाच होता.

"पाटील, हे आमचे जवाई. वर्धेले सायकलीचं दुकान हाय. लय बोलतात. आजच कसे चूप झाले, समजून नाई राह्यलं."

गवतातले डोळे मिटले नाहीत. मामाजींनी माझा सदरा धरून मला एक पाऊल मागे घेतलं.

"मानूस साजरा हाय पन. बुढी दवाखान्यात होती तवा हेच तिच्यापाशी बसून राहे. बशीनं चहा पाजे. मी दारातच उभा राहो. अंदर जाऊन काय बोलाचं, सुचेच नाई. हे तिले हसवत राहे. जातानी हसून गेली बुढी." आणखी एक पाऊल मागे. "याइले कधी सांगतलं नाई म्या. घरात जमत नाई जी मले."

वाघीण उठली. अंग ताणलं, तोंड फिरवलं आणि पळसाआड गेली. एक पानही वाजलं नाही.

आम्ही तसेच उलट्या पावलांनी शेताच्या बांधापर्यंत आलो. तिथंही एक मोह आहे, गावातली कोंबडी ऐकू येतील इतका जवळ. मला वाटलं आता घरी. पण मामाजींनी बादली माझ्या हातात दिली आणि पाठ केली. मी वाकलो. मागे बोलणं पुन्हा सुरू झालं.

आता भीती नव्हती, म्हणून नीट ऐकू आलं. प्रत्येक वाक्य संपलं की मामाजी थोडं थांबत. विसरले म्हणून नव्हे. ते जागा सोडत होते. पाठीमागे वाकलेल्या माणसानं तिथं हुंकार भरायचा असतो, म्हणजे बोलणाऱ्याला न वळता कळतं, आपलं माणूस आहे. सकाळभर मी मुक्यानं वेचत होतो, आणि ते प्रत्येक वाक्यामागे मामीजींची जागा रिकामी ठेवत चालले होते.

"आंब्याले औंदा बार कमी हाय," मामाजी म्हणाले, आणि थांबले.

"हूं," मी म्हणालो.

पुढचं वाक्य यायला बराच वेळ लागला.