बुलेटनं गिळलेला कासरा

नाथाजी सुभेदार पाखऱ्या बैलाला धुवायला ओढ्यावर गेले आणि इकडे त्यांच्या चिरंजीवांनी, रविराजनं, अंगणात पोतं अंथरलं. पोत्यावर पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी आणि टपालानं आलेल्या नव्या स्प्रिंगांची पुडी. समोर आबांची, म्हणजे सुभेदारांची, बुलेट. पलटणीतून घरी येताना आबांनी ती आणली होती आणि तिला हात लावायची परवानगी घरात अजून कुणाला मिळालेली नव्हती. व्हॉल्व्हची स्प्रिंग मोडल्यामुळे महिनाभर ती दम्याच्या माणसासारखी धापा टाकत होती.

"आवं, आज बेंदूर हाय," त्याची बायको राजनंदिनी पुरण वाटता वाटता दारातून म्हणाली. "आबा उद्या कडेगावला मेस्त्रीकडं न्हेणार हायत की गाडी."

"उद्या कशाला? आबा यायच्या आत चालू करून दावतो."

"तुमी?"

हा एक शब्द रविराज लग्नापासून ऐकत आला होता. तो साखर कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क होता. आबा त्याच्या बोटांकडं बघून म्हणायचे, "ही बोटं शिक्के मारायची. पान्याचं काम न्हवं त्यांचं." आज नेमका घरात मान होता. आजोबांच्या नंतर प्रथमच गावचा मानाचा बैल त्यांच्या दावणीचा होता. तिन्हीसांजेच्या आत पाखऱ्या वेशीत जाऊन कर तोडणार, म्हणजे वेशीत बांधलेली गवताची आणि पिंपळपानांची दोरी तोडणार, आणि मग सगळ्या गावाचा बेंदूर, बैलांचा सण, पार पडणार. अशा दिवशी आबांनी परत यावं आणि बुलेटचा ठोका अंगणात ऐकावा, एवढंच रविराजच्या मनात होतं.

त्यानं मोबाईलवर व्हिडिओ लावला. काम तसं सोपं होतं. अडचण एकच. वरची स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह आत सिलिंडरमध्ये पडतो. तो पडू नये म्हणून प्लगच्या भोकातून आत दोरी भरायची आणि हळूच किक दाबून पिस्टन वर आणायचा. दोरी खालून व्हॉल्व्हला टेकू देते. मात्र दोरी सुती पाहिजे, नायलॉनची चालणार नाही, असं व्हिडिओतला माणूस दोनदा बजावून सांगत होता.

रविराजनं घर पालथं घातलं. कपड्यांची दोरी नायलॉनची, म्हशीचं दावं नायलॉनचं, विहिरीचा दोर तर निळाजर्द नायलॉनचा. सुती दोरी सबंध घरात एकच होती. देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर, हळदकुंकू लावलेली. मानाचा कासरा! ज्या घरी मान, त्या घरी तो वर्षभर राहायचा. त्याच्याशिवाय मानाचा बैल हलवायचा नाही, अशी गावची रीत.

'पाच मिनटांचं तर काम,' रविराज मनाशी म्हणाला. माणसाची अब्रू जाते ती नेहमी पाच मिनिटांच्या कामातच.

दोन-तीन हात कासरा बुलेटच्या पोटात गेला. पिस्टन वर आला. रविराजनं स्प्रिंग दाबली, चिमणीच्या नखाएवढी लॉकं काढली, नव्या स्प्रिंगा बसवल्या, लॉकं जागच्या जागी परत घातली, वरचं झाकण लावलं. बोटं सोलवटली, पण एकही लॉक हरवलं नाही. खरं सांगायचं तर काम चोख झालं. रविराजला स्वतःचाच इतका अभिमान वाटला, की त्यानं बायकोला हाक मारली.

मग त्यानं कासरा ओढला. कासरा आला नाही.

त्यानं जोर लावला. पिस्टननं कासरा वर दाबून धरला होता. पिस्टन हलला की सुटेल, म्हणून त्यानं किक मारली. कासरा आणखी आवळला. मग घाबरून त्यानं एकामागून एक अशा किका मारल्या, की शेवटी किकही दगड झाली. दमून त्यानं गाडी उतारावरून सरकू नये म्हणून गिअरमध्ये टाकली आणि पायरीवर बसला.

"त्यो मानाचा कासरा न्हवं?" राजनंदिनीनं विचारलं.

"व्हय."

"आन त्यो गाडीत कसा?"

तेवढ्यात हलगी वाजली.

पाखऱ्या आला. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. मागं भगवा फेटा बांधलेले आबा आणि त्यांच्या मागं निम्मा गाव. गावात मिरवणुकीचं सगळं पाहणारे लालासाहेब पुढं होऊन म्हणाले, "सुभेदार, कासरा काढा. येळ झाला."

"रवी, कासरा आण," आबा म्हणाले.

रविराज उभा राहिला आणि बुलेटच्या आड सरकला. पण प्लगच्या भोकातून कासऱ्याचा गोंडा बाहेर लोंबत होता, तो काही आड होईना. हलगीवाला वाजवायचा थांबला. सगळा गाव गोंड्याकडं बघत राहिला. रविराजला त्या क्षणी वाटलं, आपणही त्याच भोकातून आत जावं.

"गाडीनं कासरा खाल्ला?" लालासाहेबांनी विचारलं.

"स्प्रिंगा बदलत हुतो," रविराज पुटपुटला. "सुतीच लागती."

कुणीतरी मागं फिसकन हसलं. आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त फेटा काढून काखेत धरला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आजोबांनंतर आलेला मान त्यानं बुलेटला चारला होता.

"कापा की," एक जण म्हणाला.

"जीभ कापंन तुजी!" शेजारच्या सुलाबाई कडाडल्या. बेंदराचं शास्त्र त्यांच्या तोंडपाठ होतं. "मानाचा कासरा कापत्यात व्हय? आन कासऱ्याचं एक टोक गाडीत हाय, दुसरं मोकळंच हाय की! बैल हिकडं आणा, बांधा. कासरा बैलाकडं येत न्हाई तर बैलानं कासऱ्याकडं जावं. पूजा तर हुईल."

पाखऱ्याला बुलेटच्या मागच्या अंगाला आणलं. कासरा वेसणीला न बांधता लालासाहेबांनी शिंगांच्या बुडाशी बांधला, म्हणजे हिसका बसला तरी नाकाला लागायला नको. राजनंदिनीनं ओवाळलं, पोळीचा घास दिला. बैल इतका शहाण्यासारखा उभा होता, की रविराजला त्याच्याकडंसुद्धा बघायची लाज वाटली.

आणि हलगीवाल्याला कुठून हुक्की आली कोण जाणे. त्यानं कानाशीच कडकडाट केला.

पाखऱ्या बिथरला. मान फिरवून तो फाटकाकडं सुटला. कासरा ताणला, बुलेट हिसक्यानं मागं ओढली गेली, मागचं चाक उलटं फिरलं, इंजिनात 'खट्ट' झालं आणि कासरा काळाकुट्ट होऊन भोकातून सळकन बाहेर आला. बुलेट आडवी झाली. पाखऱ्या गल्लीतून उधळला, त्याच्यामागं हलगी, हलगीमागं गाव. वेशीत पोचल्यावर तो कुणासाठी थांबला नाही. कर तटकन तुटला.

अंगणात फक्त बाप-लेक उरले. आबांनी बुलेट उभी केली.

"गिअर टाकून मागं ढकलायची हुती," ते म्हणाले. "पिस्टन खाली जातोय, दोरी सुटती. बैलाला कळलं ते तुला कळंना व्हय रं?"

मग प्लग लावून आबांनी किक मारली. बुलेट एका किकेत सुरू झाली, आणि ठोका असा स्वच्छ पडू लागला की आबा जरा वेळ ऐकत राहिले. स्प्रिंगा कुणी बसवल्या हे मात्र त्यांनी विचारलं नाही. फेटा बांधून ते बैलामागं निघून गेले.

पुढं वर्षभर रविराजचं तोंड वर झालं नाही. कारखान्यात वजनकाट्यावरचा माणूससुद्धा विचारायचा, "साहेब, आज गाडीनं काय खाल्लं?" चहाच्या टपरीवरून जायचं टाळून तो बांधावरनं घरी यायचा. बेंदूर जवळ आला तसा तो पाहुण्यांकडं पाटणला पळून जायच्या बेतात होता. या वर्षी मान लालासाहेबांच्या घरी गेला होता, एवढंच समाधान.

बेंदराच्या आदल्या दिवशी लालासाहेब दारात आले. हातात कासरा. किती धुतला असेल, पण एक टोक काळं ते काळंच.

"रविराज, उद्या गाडी पुसून ठेव."

"कशाला, दादा?"

"कशाला म्हंजे? बैल बांधाया. बुलेट ओढल्याबिगर मानाचा बैल येशीकडं जात न्हाई. पद्धत हाय."

"पद्धत? कवापास्नं?"

"पयल्यापास्नं," लालासाहेब शांतपणे म्हणाले. "गेल्या साली पाऊस बी किती झ्याक झाला. आन कासरा तूच भरायचा. दुसऱ्याच्या हाताला त्यो मान न्हाई."

रविराजनं मोठ्या आशेनं आबांकडं पाहिलं. सुभेदार नाही म्हणतील, गाडीला हात लावू देणार नाहीत. आबा खाटेवर बसून फेट्याचं कापड झटकत होते.

"गिअर टाकाया इसरू नगंस," ते म्हणाले.

"म्हंजे दरसाल मीच?" रविराजचा आवाज चिरकला.

आतून राजनंदिनीचं पुरण वाटणं थांबलं.

"तुमीच," ती म्हणाली.