उतरणं शिकवणारे तायडेभाऊ

नांदुऱ्याच्या बसस्टँडवर एक म्हातारा बसमधून उतरणाऱ्या माणसांची प्रतवारी करतो. बाजार समितीत धान्याची करतात तशी. सकाळची मलकापूरकडून येणारी गाडी लागली की तो समोरच्या सिमेंटच्या बाकावर सरसावून बसतो. एकेक प्रवासी पायरीवरून खाली आला की ओठातल्या ओठात निकाल लागतो. "मिडियम. मिडियम. एक नंबर, वा! डागी. ह्या भाऊचं त पारच डागी."

डागी म्हणजे भिजून काळा पडलेला माल. भाव न मिळणारा.

एकदा एक पुढारी गाडीतून उतरले. पांढरेशुभ्र कपडे, मागेपुढे माणसं, हार. सगळे घोषणा देत असताना बाकावरचा म्हातारा शांतपणे म्हणाला, "मिडियम. इस्त्रीनं गुडघाच वाकू नाही दिला." पुढारी जवळच होते. त्यांनी ऐकलं, आणि नकळत आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

मला आजवर डागीच्या वरची प्रत मिळालेली नाही. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे.

सुखदेव तायडे हे त्यांचं नाव. रेल्वेच्या मालधक्क्यावर चाळीस वर्षं हमाली केली. खत, सिमेंट, गहू, जे वॅगनमधून येईल ते पाठीवर घेतलं आणि ट्रकात उतरवलं. उंची बेताची, मान आखूड, आणि चाल अशी की मागून आले तर कळत नाही. सत्तरीचा माणूस, पण पाऊल मांजराचं. त्यांच्या बरोबरीच्या बहुतेकांच्या पाठी कामातून गेल्या. यांची अजून ताठ आहे, आणि तिचं श्रेय ते एकाच गोष्टीला देतात.

"पोतं उचलनं काही कला नोय, सर. दोघं जन हात लावतात, चढते पाठीवर. उतरवताना मानूस एकटा राह्यते. तिथंच पाठ मोडते."

"मग करायचं काय?"

"येळ द्याचा. वजन काही कमी होत नाही कोनाचं. त्याले येळ द्या. धप्प टाकलं त पोतंबी फाटते अन् आपुनबी."

"येळ द्या त्याले" हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध. आमच्या विज्ञानाच्या सरांनी एकदा त्यांना समजावलं की पुस्तकातही हेच आहे. पडणारी वस्तू थांबायला जितका जास्त वेळ घेईल तितका तिचा मार कमी बसतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात तो यासाठीच. तायडेभाऊंनी सगळं मन लावून ऐकलं आणि कौतुकाने विचारलं, "म्हंजे पुस्तकवाल्यायनंबी हमाली केली होती का?"

त्यांच्या या शास्त्राचा गावाला त्रासही होतो. शेजारच्या लग्नात वरात मांडवापाशी आली. नवरदेव घोड्यावरून उतरायला लागला, तर यांनी हात वर करून बँड थांबवला. "बाप्पा, एका पायावर नोको! दोन्ही पायायवर ये, गुडघे सैल सोड." घाबरलेला नवरदेव दोन्ही पायांवर आला, पण ताठ. "डागी," हे म्हणाले. "पुन्हा चढ." आणि नवल म्हणजे तो खरंच पुन्हा चढला. सासरे ओरडले, "काऊन बे, काय चालू हाय? मुहूर्त टळून राह्यला!" तायडेभाऊ म्हणाले, "मुहूर्त उद्याबी निंघते. गुडघा निंघत नाही."

लोक हसतात. मीही हसतो. पण हा माणूस असा का झाला, हे नांदुऱ्यात फक्त मला ठाऊक होतं. कारण त्याला असा मी केला.

बावीस वर्षांपूर्वी त्यांची मुलगी वर्षा आमच्या शाळेत दहावीत होती. लांब उडी मारायची. तिच्यासारखी मुलगी मला नंतर मिळाली नाही. विभागाची निवड चार दिवसांवर होती. उडीच्या खड्ड्यातली वाळू सरावाआधी फावड्याने खणून मोकळी करायची असते. ते काम माझं. मधे दोन पाऊस होऊन गेले होते, वाळू बसून वर पापडी धरली होती, आणि मला पाचच्या गाडीने धामणगाव बढ्याला मुलगी पाहायला जायचं होतं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "वर्षा, एकच उडी मार आणि जा घरी."

तिचा गुडघा गेला.

दवाखान्यात तायडेभाऊ धक्क्यावरून तसेच आले. केसांत सिमेंट होतं. "काय झालं, सर?" त्यांनी विचारलं. खाटेवर वर्षा डोळे उघडे ठेवून पडली होती. मी म्हणालो, "उतरताना चुकली. पाय चुकीचा टाकला तिनं."

तेवढंच. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही. तायडेभाऊंनी मात्र स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "हमालाची पोरगी, अन् उतरताना चुकली! म्या शिकवलंच नाही तिले." तिनेही ते ऐकलं. धामणगावचं स्थळ पुढे जमलं, संसार झाला. त्या दिवशी मी काहीच गमावलं नाही.

हमाली सुटल्यावर ते एक दिवस शाळेत आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "सर, पोरीयले उतरनं शिकवू द्या मले. पैसा नोको. माह्या पोरीच्या येळेस राहून गेलं." मी हो म्हणालो. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

तेव्हापासून आठ वर्षं रोज संध्याकाळी वर्ग भरतो. गवताने भरलेल्या पोत्यांची थप्पी लावायची, मुलींनी वर चढायचं आणि खाली उडी मारायची. तायडेभाऊ पाठ करून, डोळे मिटून बसतात. ते पाहत नाहीत, ऐकतात. "आवाज आला म्हंजे जोर हाडात गेला. कोन होती? निर्मला? गुडघे आत घेतले ना वं? पायाच्या बोटायच्या रेषेत ठेव. चढ पुन्हा." बिन आवाजाची उडी पडली की ते म्हणतात, "कोनी उतरलं का? मले त काही ऐकू नाही आलं," आणि ती मुलगी दिवसभर मिरवते. एकदा मुख्याध्यापकांनी येऊन विचारलं, "तायडे, इथे खेळ शिकवता की चोरी?" पण कबड्डी असो, खो-खो असो, उडी असो, या आठ वर्षांत आमच्या एकाही मुलीचा गुडघा गेलेला नाही. मुख्याध्यापक त्याचं कौतुक सभेत माझ्या नावावर करतात. मी खाली मान घालून ऐकतो. लोकांना तो विनय वाटतो.

तायडेभाऊंचं मन मात्र एका मुलीत अडकलेलं होतं. वर्षा आता अकोल्याला नर्स आहे. तिची समीक्षा बारा वर्षांची, आणि पाय आईचे घेऊन आलेली. तिने एकदा तरी या पोत्यांवरून उडी मारावी एवढीच आजोबाची इच्छा. पण वर्षा तिला पळूही देत नव्हती. सुट्टीत आली की दोन दिवसांत परत.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मुली घरी गेल्यावर ते शाळेच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसले. एरवी कधी बसत नाहीत.

"समीक्षाचं नाव आलं होतं, सर. लांब उडीत. तिच्या शाळेनं घेतलं होतं."

"अरे वा!"

"वर्षानं खोडलं. म्हने, आबा, आपल्या घरच्यायले उतरता येत नाही. आपल्या पायातच दोष हाय." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उद्या नावं जातात. तुमी सांगा न तिले. तुमी तिचे सर. तुमचं आयकन ते. सांगा का आबा आता चांगलं शिकवते म्हनून."

मी समोर पाहत राहिलो. मैदानाच्या टोकाला तो खड्डा होता. आता मी तो रोज खणतो. सुट्टीच्या दिवशीही येऊन खणतो. शिपाई मला वेडा म्हणतो.

"तायडेभाऊ," मी म्हणालो, "ती चुकली नव्हती."

"कोन?"

"वर्षा. मी खोटं बोललो. खड्डा खणलाच नव्हता मी त्या दिवशी. मला गाडी गाठायची होती."

ते माझ्याकडे वळले नाहीत. मला वाटलं आता उठतील, किंवा हात उगारतील. दोन्हीला माझी तयारी होती. खरं सांगायचं तर दुसऱ्याची मला गरज होती.

"वाळू टनक होती?" त्यांनी विचारलं.

"रस्त्यासारखी."

"मंग थांबा. थांबा. पोरीचे पाय कसे आले? टाच पहिले का पंजा?"

"टाच."

"दोन्ही संगं?"

"संगं."

"गुडघे?"

"वाकलेले. तुम्ही आता मुलींना सांगता ना, तसेच. अगदी तसेच."

"आत नोते गेले?"

"नाही. बोटांच्या रेषेत होते. मी समोरच उभा होतो, तायडेभाऊ. मला अजून दिसतं."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. दर वेळी ते डोळे मिटून घेत होते, आणि टाच, गुडघा, कंबर असं एकेक आलं की मान हलवत होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "उडीत अर्धा भार पायानं घ्याचा राह्यते, अर्धा वाळूनं. पोरीनं तिचा हिस्सा उचलला होता. वाळूनं नाही उचलला. तोबी माह्या पोरीवर आला."

"तायडेभाऊ, माझं खरंच—"

"तुमच्याशी मंग भांडतो, सर. भांडाचं हाय मले, इसरू नोका. पहिले पोरीले सांगू द्या."

त्यांनी खिशातून बटणांचा फोन काढला. आवाज एवढा मोठा की दोघांनाही ऐकू यावा. "वर्षे," ते म्हणाले, "तुहं उतरनं बराबर होतं वं माय." पलीकडून ती म्हणाली, "काय म्हनता आबा? जेवले का तुमी?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. टाच, दोन्ही पाय संगं, गुडघे वाकलेले. जणू तेच समोर उभे होते. शेवटी "हे घे, सर हायेत," म्हणत फोन माझ्या हातात दिला.

"सर, हे खरं हाय?"

"हो. खोटं मी बोललो होतो. तुझ्यासमोर."

पलीकडून तिचा आवाज आला, कोरडा, नर्सचा. "माह्याशी नोका बोलू मंग. पोरीशी बोला. तिले मी सांगतलं होतं का आपल्या पायात दोष हाय. आता तुमी सांगा, नाही म्हनून."

फोन कुणीतरी घेतला. "हॅलो, कोण?"

मी आयुष्यात शेकडो मुलींना सूचना दिल्या आहेत. तेव्हा मात्र मी फोन दोन्ही हातांत धरला. "बेटा, मी तुझ्या आईचा शाळेतला सर. तुझ्या आईची उडी बरोबर होती. तिच्या पायात काही दोष नव्हता. वाळू मोकळी करायचं काम माझं होतं, मी केलं नव्हतं. म्हणून तिला लागलं."

मुलं विचारतात तसं सरळ तिने विचारलं, "मग आईची उडी किती गेली होती?"

"मोजली नाही गं. त्या गडबडीत टेप कोणी लावलाच नाही."

"अशी कशी नाही मोजली? उडी तर मारली होती ना?"

तायडेभाऊ माझ्याकडे पाहत होते. तेवढ्यात तिकडे मागून, फोनपासून लांब, वर्षाचा आवाज आला. तो आता नर्सचा नव्हता.

"सरायनं खड्ड्याच्या कडेले वीट ठेवली होती. निवडीले लागते तेवढ्या अंतरावर. पडल्या पडल्या मान वळवून पाह्यलं होतं म्या."

"मग?" समीक्षाने विचारलं.

"विटेच्या वीतभर पुढं."

तायडेभाऊंनी पायरीच्या दगडावर आपला हात ठेवला, बोटं पसरली, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या तेवढ्या जागेकडे पाहत राहिले.