खानोलकरकाकांचा लाल शेरा

खानोलकरकाका कॉमिक वाचायला बसताना हातात लाल पेन्सिल घ्यायचे, आणि उठायचे तेव्हा माझ्या कॉमिकचा सत्यानाश झालेला असायचा. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर म्हणून कामगारांची हजेरी घेतलेला हा एकटा माणूस निवृत्त होऊन नेमका आमच्या शेजारी राहायला आला. त्याच वर्षी मी घराच्या पुढच्या खोलीत वाचनालय काढलं होतं.

सुरुवातीला ते फक्त वर्तमानपत्र वाचून सरकारवर डाफरायचे. एकदा पेपर आला नाही म्हणून चिडून त्यांनी समोरचं कॉमिक उचललं. आयुष्यातलं पहिलंच. सात महाबलींची टोळी, सगळे घट्ट रंगीत कपड्यांत, जग वाचवायला निघालेले. पाचव्या पानावर काका लालबुंद झाले. सातही जण एकदम उडून गेले, मग ऑफिसात मागे कोण? ह्या बाईला उडता येतं, तरी ही रोज शेवटच्या मिनिटाला कशी पोचते? यांचा सुपरवायझर कोण?

आता काका पुन्हा कॉमिक हातात घेणार नाहीत, असं मला वाटलं. उलट ते रोज येऊन कॉमिकच वाचू लागले. प्रत्येक पानावर सातही जणांची हजेरी लागू लागली. ‘लेट.’ ‘विनापरवाना जागा सोडली.’ ‘हेल्मेट नाही.’ गिऱ्हाइकं माझ्याशी भांडायची. मी काकांना दम द्यायचे, ते "बरं बरं" म्हणायचे आणि नवीन पेन्सिल आणायचे. मला त्यांचा राग यायचा, अगदी मनापासून.

कॉमिकं मी उल्हासनगरच्या सिंधी रद्दीवाल्याकडून किलोवर आणायचे. अंक मागचेपुढचे, निम्म्यांना मुखपृष्ठच नाही. तक्रार केली की तो म्हणायचा, "सब सेम है मॅडम, कौनसा भी उठाओ."

टोळीत लोखंडी हातांचा एक होता. काकांच्या तिसऱ्या कॉमिकपासून तो दिसेनाच. झालं, काकांनी त्याच्यावर दात धरला. पानोपानी ‘गैरहजर’, खाली दोन रेघा. एका नुकत्याच आणलेल्या कॉमिकचं पान तर पेन्सिलीने फाटलंच. ते घेऊन मी तणतणत त्यांच्या घरी गेले. आज यांचं सभासदत्व बंद करायचंच होतं. त्याच सकाळी रद्दीत मला मधला अंक सापडला होता, तोही समोर आपटला.

"काका, तो गैरहजर नाहीये. तो मेलाय. पडता पूल धरून उभा राहिला, त्यात गेला."

काकांनी अंक सबंध वाचला. पेन्सिल टेबलावरच राहिली.

मग म्हणाले, "आमच्याकडे एक फिटर होता. आठवडाभर आला नाही. मी लाल शेरा मारला, मेमो पाठवला. मेमो घरी पोचला तो त्याच्या दहाव्याच्या दिवशी. बायकोने सही करून घेतला."

मी फाटलेलं कॉमिक मागे ओढून घेतलं.

"अख्ख्या खात्याला माहीत होतं गं! एकाने तरी येऊन मला सांगायचं. पण टाइमकीपरशी कोण बोलतंय?" ते इतक्या जोरात ओरडले की मी दचकले. मग चष्मा काढून पुसत बसले.

सभासदत्वाचं मी काही बोलले नाही. त्यांनी शेरे मारलेली सगळी कॉमिकं मागून घेतली आणि चार दिवसांनी परत आणली. खोडरबर लावलं नव्हतं, हजेरीच्या मस्टरात ते चालत नाही. प्रत्येक ‘गैरहजर’वर एक सरळ रेघ, शेजारी सही, आणि निळ्या शाईत ‘भरपगारी रजा’.

तेव्हापासून आळीत कुणाला ताप आला, कुणाकडे बाळ झालं, कुणी गेलं, की मी आधी काकांच्या दारात जाऊन सांगायचे. ते माझ्यावरच डाफरायचे, "आत्ता सांगतेस? जरा वेळेवर कळवत जा." आणि चपला घालून निघायचे.